प्रवाळाला घास

बाबांनी त्याची बाटली प्यायली, म्हणून आमची ओळख झाली.

अख्खी नाही, एकच मोठा घोट. पण तेवढ्यानं माझ्या तोंडचं पाणी पळालं.

आमचं चष्म्याचं दुकान. आतल्या अंधाऱ्या खोलीत मी डोळे तपासते, बाहेर बाबा काचा घासतात, आणि वरच्या मजल्यावरून आत्या आम्हा दोघांना चालवते. डॉक्टरांनी बाबांना गोड चहा बंद करायला लावल्यापासून आत्या रोज त्यांच्यासाठी पालकाचा रस करून दुकानाच्या छोट्या फ्रीजमध्ये ठेवते. बाबा नाक मुठीत धरून तो पितात. त्या दिवशी प्यायले आणि थबकले.

"आज खारट का आहे गं हे? ताईनं मिठाची बरणी उपडी केली की काय?"

मी वळून पाहिलं. बाटली आमची नव्हतीच! हिरवा रंग तोच, पण टोपण निळं. काल दुकान बंद करताना कुणाची तरी काउंटरवर राहिली होती आणि बाबांनीच ती आमची समजून फ्रीजमध्ये टाकली होती.

तेवढ्यात दार ढकलून तो आत आला. काल शेवटी डोळे तपासून गेलेला उंच, शांत माणूस.

"माफ करा, काल माझी एक बाटली इथे—" एवढं बोलून तो थांबला. बाबांच्या पांढऱ्या मिश्यांना हिरवी कड आली होती.

"काय होतं त्यात?" मी जवळजवळ किंचाळलेच.

"जेवण."

"कुणाचं?"

"माझ्या घरच्यांचं... अहो, घाबरू नका, विष नाही. समुद्रातलं शेवाळ आहे. डोळ्यांना न दिसणारं, बारीक. जिवंत—"

"जिवंत?" बाबा खुर्चीत बसले.

"आता नसेल," तो म्हणाला, आणि लगेच जीभ चावली.

मग त्यानं बाबांना ग्लासभर पाणी दिलं, शेजारी बसून त्यांचं मनगट हातात घेतलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिला. इतक्या हलक्या हातानं, की बाबांचा घाबरलेला चेहरा हळूहळू सैल पडला.

"तुम्ही डॉक्टर?" बाबांनी विचारलं.

"नर्स. वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या वॉर्डात."

"मी काय बाळ आहे?"

"रडला नाहीत, म्हणजे नसाल."

बाबा हसले. मीही हसले, पण तोंड फिरवून. राग एवढ्या लवकर गेला हे त्याला कळायला नको होतं.

"मला वाटलं, पालक आहे," बाबा मिश्या पुसत म्हणाले.

"पालक मी. ते सगळे माझ्या घरी, काचेच्या टाकीत राहतात."

त्या दिवसापासून आमच्या घरात त्याचं नाव पडलं— पालकवाला.

*

चष्मा न्यायला आला तेव्हा दांड्या कानांमागे नीट बसवायला मला त्याच्या अगदी जवळ उभं राहावं लागलं. रोज वीस जणांच्या कानांमागे हात घालते मी. त्या दिवशी मात्र हात उगाच अवघडले.

"आता कसं दिसतंय?" मी विचारलं.

"स्वच्छ." तो आरशाकडे न बघता माझ्याकडे बघत होता. "आणि मी कसा दिसतोय?"

"मी फक्त तुम्हाला कसं दिसतं एवढंच तपासते."

"मग त्याचे वेगळे पैसे पडतात का?"

कोपऱ्यातलं काचा घासायचं मशीन एकाएकी बंद झालं. बाबा कान देऊन ऐकत होते, दुसरं काय!

जाताना त्यानं आम्हा सगळ्यांना टाकी बघायला बोलावलं. "ज्यांचं जेवण तुम्ही पळवलंत, त्यांना एकदा भेटून तरी जा," असं बाबांना म्हणाला. बाबांनी गुडघ्याचं निमित्त काढलं आणि मला आत्याबरोबर पाठवलं. बाबांचा गुडघा अशा वेळी बरोब्बर दुखतो.

त्याचं घर दोन खोल्यांचं, दोन रस्ते पलीकडे. स्वयंपाकघराच्या खिडकीत काचेच्या तीन मोठ्या बरण्या, प्रत्येकीत एक नळी, नळीतून बुडबुडे. एकीतलं पाणी फिकट पोपटी, दुसरीतलं कोवळ्या पानासारखं, तिसरीतलं गडद हिरवंगार. शेवाळ तो घरीच वाढवत होता. मध्यंतरी त्याच्या बरण्या नासल्या होत्या, म्हणून मित्राकडून विरजणासारखं थोडं मागून आणलं होतं. तीच ती बाबांनी तोंड लावलेली बाटली.

"म्हणजे आमच्या बाबांनी तुमचं विरजणच संपवलं?"

"उरलं होतं की. तेवढं पुरतं. याला फक्त उजेड, हवा आणि थोडी सवड लागते."

आणि मग त्यानं बाहेरच्या खोलीतला पडदा बाजूला केला.

काय सांगू! रोज डोळ्यांत डोकावणारी मी, पण डोळे भरून बघणं काय असतं ते मला त्या टाकीसमोर कळलं. भिंतभर निळं पाणी, इकडून तिकडे फिरणारे मासे. त्यात जांभळट खडक, खडकावर हातांसारखे डुलणारे मऊ प्रवाळ. एका फटीत शिंपला, ओठांवर निळ्या मखमलीची झालर असलेला. बारीक नळीतून बाहेर आलेला पिसांचा पंखा, तो म्हणे एक किडा होता! आणि सगळ्यांत वर, खडकाच्या सावलीत, गुलाबी रंगाचं एक झाड. काचेचं असावं इतकं नाजूक. पण मिटलेलं.

"हे झोपलंय का?" आत्यानं विचारलं.

"भुकेलंय. बाकीचे उजेडावर अर्धं पोट भरतात. प्रवाळाच्या या जातीला उजेड नकोच. वाहत्या पाण्यातून जे बारीकसारीक येईल तेच खाते. घरच्या टाकीत ही जगत नाही, असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं."

"मग आणलीत कशाला?"

"मी नाही आणली. एकाची टाकी मोडली, तेव्हा ही टाकून देणार होते." त्यानं खांदे उडवले. "टाकवलं नाही."

त्यानं एक खटका दाबला. पाण्यातली घाण फेसावाटे काढून टाकणारं यंत्र गुरगुरायचं थांबलं. ते चालू राहिलं तर जेवणही उचलून नेतं, असं त्यानं सांगितलं. खोली एकदम शांत झाली. सुई नसलेल्या सिरिंजमधून त्यानं प्रवाहात हिरवं पाणी सोडलं, थेंबाथेंबानं. पाण्यात धुरासारखी एक रेघ उमटली, पसरली... विरून गेली.

"एवढंच?" आत्याचा जीव कळवळला. "एवढ्यात कुणाचं पोट भरतंय, बाळा?"

"भरतं, आत्या. थांबा जरा."

आम्ही थांबलो. तो जमिनीवर मांडी घालून बसला होता, मी त्याच्या शेजारी. पहिल्यांदा पंख्याची पिसं ताणली गेली. मग मऊ प्रवाळांची बोटं. आणि मग... त्या गुलाबी झाडाच्या एकेका फांदीवर तांबूस ठिपके फुगायला लागले, आणि प्रत्येक ठिपक्याचं फूल झालं.

"खाताना काहीच दिसत नाही," मी कुजबुजले. "मग खाल्लं हे कळतं कसं?"

"उघडतात," तो म्हणाला. "पोटात पडल्याशिवाय कुणी असं उघडत नाही. वॉर्डातही तसंच. बाळाच्या मुठी सैल पडल्या की समजायचं."

मी त्याच्याकडे पाहिलं. काचेचा निळा उजेड त्याच्या नव्या चष्म्यावर पडला होता. हा माणूस दिवसभर तळहाताएवढ्या बाळांना नळीनं थेंब थेंब दूध देतो, आणि घरी येऊन पुन्हा हेच करतो. कंटाळत नाही. आणि याचं कौतुक व्हावं, असंही त्याला वाटत नाही... मला मात्र ते वाटून गेलं. फार वाटून गेलं.

*

मग मी वरचेवर जायला लागले. आधी आत्याबरोबर, मग आत्याशिवाय. त्याची दिवसपाळी असेल तेव्हा संध्याकाळी, दुकान बंद करून. तो मला बरण्या हलवायला शिकवायचा, म्हणजे शेवाळ तळाशी बसत नाही. मी त्याला घरातलं भिंग दिलं, त्यातून शिंपल्याच्या झालरीवरचे ठिपके दिसायचे.

"तुम्ही बोलत नाही फारसं," मी एकदा म्हटलं.

"दिवसभर बोलतो की. बाळांशी."

"काय बोलता?"

"हेच. की घाई नाही."

मला वाटलं, मलाही कुणीतरी हे सांगायला हवं होतं. आमच्याकडे आत्याला माझ्या लग्नाची भारी घाई. पण तो? तो पुढे काही बोलेचना! नजर बोलायची, हात चहाचा कप पुढे करायचा. कप धरताना बोटं लागली की दोघंही एकदम टाकीकडे बघायचो, जणू तिथे काही महत्त्वाचं घडतंय.

अशातच त्याला हॉस्पिटलनं दुसऱ्या शहरात प्रशिक्षणाला पाठवायचं ठरवलं. महिनाभर. तो आनंदात दिसायला हवा होता, पण टाकीसमोरून हलत नव्हता.

"मी बघेन," मी म्हटलं.

"रोज?"

"रोज."

त्यानं किल्ली माझ्या तळहातावर ठेवली, आणि क्षणभर हात तसाच राहू दिला. "बरण्यांचा खटाटोप तुमच्यामागे नको. बाजारात हेच शेवाळ आटवून मिळतं, पाकासारखं दाट. ही छोटी बाटली. पण जपून हं... यातला एक थेंब म्हणजे माझ्या बरणीतला कपभर. रोज चार थेंब. बास."

मी रोज चार थेंब घालत गेले. संध्याकाळी त्याचा फोन यायचा, मी फोन टाकीसमोर धरायचे आणि तो एकेकाची चौकशी करायचा. पण फोन ठेवताना नेहमी म्हणायचा, "आता जरा तुमच्याकडे फिरवा."

"का? मी उघडलेय का बघायला?"

पलीकडून त्याचं हसू आलं.

*

त्या दिवशी मला शाळेतल्या मुलांचे डोळे तपासायला गावाबाहेर जायचं होतं. भल्या सकाळी निघाले आणि आत्याला किल्ली देऊन गेले. "फेसाचं यंत्र बंद कर, चार थेंब घाल, तासाभरानं यंत्र चालू कर," असं बजावूनही गेले.

दुपारी परतताना सहज डोकावले. दार उघडलं.

टाकी हिरवी झाली होती. निळं काही उरलंच नव्हतं. मासे वर येऊन तोंडं उघडझाप करत होते. यंत्र बंदच. आणि समोर खुर्चीत आत्या, कौतुकानं बघत बसलेली.

"आत्या! किती घातलंस?"

"अगं, चार थेंबांत काय होतंय? मासे काचेपाशी येऊन माझ्याकडे बघत होते बिचारे. घातलं पोटभर." तिनं बाटली दाखवली. अर्धी रिकामी. माझा चेहरा बघून तिचा आवाज चिरकला. "काय गं? चुकलं का माझं?"

उत्तर द्यायला वेळ नव्हता. एवढं मात्र मला कळत होतं, की पाण्यातली हवा संपत चाललीय. मी यंत्र चालू केलं. बरण्यांना हवा देणारा पंप खिडकीतून उचलला आणि त्याच्या नळ्या टाकीत सोडल्या. मग बाबांना फोन केला. त्यांचा गुडघा त्या दिवशी अजिबात दुखला नाही, जिने चढून धावत आले. न्हाणीघरात त्यानं मिठाचं पाणी पिंपात तयार करून ठेवलेलं होतं. मी नळी लावून हिरवं पाणी उपसलं, बाबांनी बादल्या ओतल्या, आत्यानं पिंपातून तांब्यातांब्यानं नवं पाणी आणलं. डोळ्यांना पदर, हातात तांब्या. यंत्राचा पेला हिरव्या फेसानं भरून वाहत होता, तो मी पुन्हा पुन्हा रिकामा करत होते.

संध्याकाळ होईतो पाणी पातळ चहासारखं झालं होतं. मासे खाली गेले. शिंपला घट्ट मिटलेला. आणि गुलाबी झाड... एका बाजूला लोळागोळा होऊन पडलं होतं.

फोन वाजला. त्याचा.

आत्या भिंतीला टेकून बसली होती, पाच वर्षांच्या पोरीसारखी. मी तिच्याकडे पाहिलं आणि फोन उचलला.

"हे बघ, तू रागावू नकोस," मी एका दमात म्हणाले. "माझ्या हातून जास्त पडलं. बाटली निसटली. पाणी बदललंय, हवा लावलीय, मासे बरे आहेत, पण तुझं ते झाड—"

"खोटं बोलतेय ती!" आत्यानं फोन हिसकावला. "मी घातलं, बाळा. मला वाटलं, उपाशी आहेत. मला काय ते बोल, तिला नको बोलूस."

मी डोळे मिटून घेतले. पलीकडून त्याचा आवाज आला, मऊ, रोजचाच.

"आत्या, आधी पाणी प्यायलात का तुम्ही? कधीपासून रडत असाल... अहो, आमच्या वॉर्डात प्रत्येक आजी मला हेच म्हणते. अजून एक चमचा द्या ना, म्हणून. मी एकाही आजीवर आजवर रागावलो नाही."

आत्या हुंदका देऊन हसली. आणि मी— माझं काय झालं ते मला तेव्हाच, तिथेच, हिरव्या पाण्यानं भिजलेल्या कपड्यांत उभ्या उभ्या कळलं. ज्याला जगवायला या माणसानं जिवाचं रान केलं होतं, ते समोर पडलं होतं. आणि त्यानं आधी विचारलं ते आत्याला. पाणी प्यायलात का.

मग त्यानं मला फोनवर एकेक गोष्ट सांगितली आणि मी करत गेले. ठेवताना तो म्हणाला, "एक विचारू? आज मला तुम्ही 'तू' म्हणालात."

"घाबरले होते," मी पुटपुटले.

"मग आता घाबरायची सवय लावून घे."

*

गुलाबी झाड वाचलं नाही, म्हणजे पूर्ण नाही. एक फांदी उरली, करंगळीएवढी. त्यानं परत आल्यावर ती धाग्यानं छोट्या दगडाला बांधली आणि सावलीत ठेवली. मी दाराशी उभी राहून बघत होते.

"वाईट वाटतंय ना?" मी विचारलं.

"वाटतंय." त्यानं लपवलं नाही. "पण मी घरी यायच्या आधी मला वाटलं होतं, काहीच उरलं नसेल. एवढं सगळं तू वाचवलंस. मला एकट्याला जमलं नसतं."

तो हे इतक्या सरळपणे म्हणाला, की माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. माझं काही चांगलं झालं की लोक 'छान' म्हणतात आणि पुढे बोलायला लागतात. तो थांबून बघत होता. अगदी तसाच, जसा टाकीकडे बघतो.

त्या आठवड्यात त्याची रोजची पाळी सुरू झाली. एका सकाळी दुकान उघडायच्या आधी तो मला कोपऱ्यावर भेटला आणि आम्ही हॉस्पिटलपर्यंत बरोबर चालत गेलो. भुरभुर पाऊस होता, छत्री एकच. त्याचा उजवा खांदा भिजत होता, माझा डावा. मधला भाग मात्र कोरडा आणि फार उबदार होता.

काचेच्या दाराशी त्यानं छत्री माझ्या हातात दिली. "ठेव तुझ्याकडे. मला आत लागत नाही."

"थांब," मी म्हणाले. मग धीर सुटायच्या आत बोलून टाकलं. "मला तू आवडतोस. म्हणजे... टाकी पण आवडते. पण टाकी नसती तरी तू आवडला असतास. आयुष्यभर आवडशील, असं वाटतंय. बस. एवढंच सांगायचं होतं."

तो माझ्याकडे बघत राहिला. पाऊस त्याच्या चष्म्यावर. "हं," असं काहीसं म्हणाला... आणि आत गेला. दार मिटलं.

हं!

मी तिथेच उभी. एक बाई व्हीलचेअर घेऊन गेली, एक ड्रायव्हर दुधाचे क्रेट उतरवत होता. मला वाटलं, छत्री तिथेच ठेवावी आणि भिजत निघून जावं. निदान चेहरा ओला का, हे कुणी विचारणार नाही.

मी वळले, दोन पावलं टाकली, आणि मागे दार धाडकन उघडलं.

तो धावत आला होता. अंगात वॉर्डातला निळा डगला, मागचे बंद सुटलेले, हात कोपरापर्यंत ओले.

"मी आत जाऊन नुसता हात धूत उभा होतो," तो धापा टाकत म्हणाला. "किती वेळ कोण जाणे. मोठ्या सिस्टरनी विचारलं, कातडी सोलून काढणार आहेस का? मी म्हटलं, बाहेर एकजण उभी आहे, तिला उत्तर द्यायचं राहिलंय. त्या म्हणाल्या, मग आधी देऊन ये. डोक्यात भलतं काही घेऊन माझ्या बाळांजवळ यायचं नाही."

"मग?" माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

"तू आत्यांचा दोष स्वतःवर घेतलास ना, त्या संध्याकाळी मी फोन ठेवला आणि कितीतरी वेळ तसाच बसून होतो. वाटलं, हिच्या शेजारी म्हातारं व्हायला मिळालं तर काय मजा येईल." त्यानं श्वास घेतला. "मला शब्द पटकन सापडत नाहीत. पण तुला चालत असेल तर... संध्याकाळी मी तुझ्या घरी येतो. बाबांशी बोलतो, आत्यांशी बोलतो. लग्नाचं."

मी छत्री त्याच्या डोक्यावर धरली. घाईत ती तिरकी झाली आणि सगळं पाणी त्याच्याच मानेवर ओघळलं.

"बाबा खूप प्रश्न विचारतील," मी म्हणाले.

"विचारू देत."

"आत्या पोट फुटेस्तोवर जेवायला घालेल."

"घालू दे." तो हसला, आणि ओल्या हातानं माझी बोटं छत्रीच्या दांड्याभोवती घट्ट धरली. "तू फक्त समोर बस."

आतून कुणीतरी त्याला हाक मारली. तो मागे मागे चालत, माझ्याकडेच बघत दारापर्यंत गेला, दाराला पाठ आपटली, "आई गं" म्हणाला, आणि आत गेला. मी त्या दिवशी दुकान तासभर उशिरा उघडलं. बाबांनी कारण विचारलं, तेव्हा मी सांगितलं, "संध्याकाळी पाहुणा येतोय. आणि यावेळी तुमचा गुडघा दुखता कामा नये."